भिंगमास्तरांची सहा बंदरं

भिंगमास्तरांनी आयुष्यात कुणाचा चेहरा चेहरा म्हणून पाहिला नाही. माणूस समोर आला की त्यांना आधी दोन नंबर दिसत, मग ते नंबर जोडणारं नाक, आणि मग त्या नाकावर फ्रेम टिकेल की घसरेल याची काळजी. बाकीचा माणूस त्यांच्या लेखी चष्मा ठेवायचा स्टँड. स्वतःच्या व्याह्यांची ओळख करून देतानाही ते म्हणाले होते, "हे आमचे व्याही. उजवा उणे दीड, डावा उणे दोन. स्वभावानं फार चांगले."

त्यांचं चष्म्याचं दुकान छत्तीस वर्षं चाललं. दुकान कसलं, छप्पर घातलेला बोळच तो. पुढं फ्रेमांचं कपाट, मधे काच घासायचं यंत्र, आणि पार त्या टोकाला, वर दिवा बसवलेल्या पेटीवर, अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक या टोकाला स्टुलावर. त्याच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, ती काढून दुसरी सरकवायची आणि विचारायचं, "हे बरं... की हे?"

दिवसातून शंभरदा, छत्तीस वर्षं. प्रश्नाला माणसाची सवय होते की माणसाला प्रश्नाची, कुणास ठाऊक, पण मास्तरांना दुसऱ्या कुठल्या रीतीनं काही निवडताच येईना. भाजीवालीपुढं दोन टोमॅटो डोळ्यांसमोर धरून ते पुटपुटत, हे बरं की हे. मुलीसाठी शाळा बघायची वेळ आली तेव्हा बायकोला एका फाटकापुढं उभी केली, रिक्षानं दुसऱ्या फाटकापुढं नेली, आणि तिथं विचारलं. शेजारचा घड्याळवाला, जो मास्तरांचा जन्माचा मित्र आणि म्हणून जन्माचा टवाळखोर, सगळ्यांना सांगायचा, "हा वर गेला ना, तर तिथल्या दारवानालाही दोन दारं उघडून दाखवायला लावील."

मास्तरीणबाई रोज सकाळी दुकानात येत. झाडलोट करत, कपाटाच्या काचा पुसत, आणि सगळ्यात शेवटी तक्ता पुसत. वरचं एकुलतं एक मोठं अक्षर, मग दोन, मग तीन, खाली खाली बारीक होत जाणारी. पुसता पुसता त्या अक्षरं गुणगुणत, कुणी अंगाई गुणगुणावी तशी. वर्षातून दोनदा मास्तर त्यांनाही स्टुलावर बसवत. बाई वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा वाचून दाखवत आणि मास्तर मांडीवर थाप मारून म्हणत, "गरुडाची नजर!"

त्या तक्त्याशेजारीच एक कॅलेंडर होतं. बोटीवरचा एक स्वयंपाकी गिऱ्हाईक म्हणून आला होता, त्यानं दिलेलं. वर्ष उलटून गेलं, कॅलेंडर राहिलं, कारण त्यावर बर्गन बंदराच्या धक्क्याचं चित्र होतं. पाण्याला खेटून उभी असलेली लाकडी घरं, एक तांबडं, एक पिवळं, एक पांढरं, एकमेकांना खांदे लावून. बाई तक्ता पुसून झाला की फडकं हातात तसंच धरून त्या चित्रापुढं थांबत.

"हे खरंच असं असेल का हो? की रंगवलंय?"

"जाऊन बघू की," मास्तर यंत्रावरून मान वर न करता म्हणाले. असं माणूस म्हणतो. पण मास्तरांचं एक होतं, म्हटलं की ते पाळत. त्याला अकरा वर्षं लागली.

दुकान विकलं तेव्हा त्यांनी यंत्र दिलं, कपाट दिलं, पण तक्ता, त्याची दिव्याची पेटी, स्टूल आणि काचांची पेटी घरी आणली. दिव्याची पेटी घरातल्या लांब बोळकांडीच्या टोकाला ठेवून तिच्यावर तक्ता टांगला. पाहुणा आला की आधी स्टूल, मग चहा. आणि मग एका सोमवारी क्रूझचं बुकिंग झालं. जहाज युरोपच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यानं चौदा बंदरं घेणार होतं. थांबणार सगळीकडे, पण खाली उतरून गाइडबरोबर हिंडणं सहाच ठिकाणी. कुठली सहा, ते आपण ठरवायचं. प्रवास कंपनीतल्या बाईंनी चौदा चित्रांची पुस्तिका आणि एक फॉर्म दिला आणि बजावलं, "शनिवारी एकच्या आत सहा खुणा करून आणा काका. एकला शटर पडतं आणि यादी जाते. फॉर्म आला नाही तर तुमची केबिन वेटिंगवाल्यांना."

चौदातून सहा! मास्तरांना वाटलं, ही सगळी योजना कुणी तरी आपल्यासाठीच आखली असावी. मंगळवारी दुपारी त्यांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, पुस्तिकेची पानं सुटी केली, बायकोला खिडकीकडं पाठ करून बसवलं, म्हणजे उजेड चित्रावर पडेल, आणि कॅरम खेळणाऱ्यासारखी हातांना पावडर लावायचीच तेवढी बाकी ठेवून कामाला लागले.

"नीट बघ हं. घाई नाही." त्यांनी एक चित्र धरलं. "हे तर ओळखशीलच. हे बरं..." ते खाली ठेवून दुसरं धरलं, "...की हे? स्टॉकहोम. गावच सगळं बेटांवर आहे."

"दुसरं," बाई म्हणाल्या.

"टॅलिन. जुनी तटबंदी, टोपीसारखे बुरूज. की हे, कोपनहेगन?"

"दुसरं."

"आम्स्टरडॅम. सगळीकडं कालवे. की हे? लिस्बन. चढावरून पिवळी ट्राम येतेय बघ."

"दुसरं. छान आहे."

मास्तर खुशीत आले. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई कधी इतकी ठाम नव्हती. साडी घ्यायला गेली तर दुकानदार पाणी मागवायचा. "अगं, तू तर माझ्यापेक्षा पक्की निघालीस," म्हणत त्यांनी चौथी जोडी काढली. दुसरं. पाचवी. दुसरंच.

सहाव्या जोडीला मास्तरांचा हात हवेत थांबला.

त्यांच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. ज्या गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही ते "फरक दिसत नाही" असं कधीच म्हणत नाही. त्याला लाज वाटते. ते म्हणतं, "दुसरं." पहिलं विसरलेलं असतं, आणि दुसरं म्हटलं की निदान तपासणारा पुढं तरी सरकतो. असा माणूस ओळखायची युक्तीही मास्तरांनी हजारदा वापरली होती. तीच काच काढायची, तीच परत घालायची.

आणि पहिल्याच जोडीत पहिलं चित्र बर्गनचं होतं. ज्याच्यासाठी अकरा वर्षं काढली ते.

त्यांनी बर्गनचं पान उचललं. "हे बरं," ते म्हणाले. पान खाली केलं, टेबलाच्या कडेपर्यंत नेलं आणि तेच परत वर धरलं. "की हे?"

बाईंनी मान किंचित तिरपी केली. विचार केला. खरंच विचार केल्यासारखा केला.

"दुसरंच," त्या म्हणाल्या. "जरा जास्त मोकळं वाटतं."

मास्तरांनी पान टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "ऊठ. स्टुलावर बस."

"आता? मागच्याच महिन्यात तर बसवलं होतंत."

"बस म्हणतो ना."

बाई बोळकांडीत जाऊन स्टुलावर बसल्या. वाटेत कशाला धडकल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. मास्तर दुसऱ्या टोकाला गेले, तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि परत टांगला. पाठीमागं नुसता पुठ्ठा होता, पांढरा, कोरा. त्यांनी दिवा लावला.

"वाच."

आणि मास्तरीणबाईंनी तो कोरा पुठ्ठा वाचला. वरचं मोठं अक्षर आधी. मग दोन. मग तीन. एक अक्षर चुकलं नाही. शेवटच्या बारीक ओळीपाशी, जिथं नेहमी थोडं थांबायच्या, तिथं थोडं थांबल्या, डोळे बारीक केले, आणि तीही पार पाडली. मग हात मांडीवर ठेवून शाबासकीची वाट बघत बसल्या.

ती आली नाही म्हणून मग त्यांना कळलं.

"उलटा केलात का?" त्यांनी हळूच विचारलं.

मास्तर तिथंच, दिव्याच्या पेटीला टेकून, जमिनीवर बसले. छत्तीस वर्षांत त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना रस्ता दाखवला होता. आणि घरात, रोज समोर ताट वाढणारी ही बाई त्यांना पाठांतर म्हणून दाखवत होती, आणि ते मांडीवर थापा मारत होते. एकेक गोष्ट उठून अंगावर यायला लागली. मागच्या उन्हाळ्यात मीटर बघायला आलेल्या माणसाला बाई "या भाऊजी, बसा" म्हणाल्या होत्या आणि मास्तर दोन दिवस हसत होते. घड्याळवाल्याला सांगितलं, व्याह्यांना फोन करून सांगितलं. "आमच्या हिनं मीटरवाल्याला चहा पाजला!" वर्तमानपत्र बंद झालं तेव्हा म्हणाले, "बरं झालं, तेवढंच डोकं शांत." सुई ओवून मागायला लागली तेव्हा म्हणाले, "वय झालं म्हातारे." आणि नवा चष्मा! आठ महिन्यांत तीनदा नंबर बदलला होता त्यांनी, तिसऱ्यांदा तर जवळचा-लांबचा एकत्र, सगळ्यात महागातली काच.

"का सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुमच्या चष्म्यातून दिसत नाही म्हणून?" बाई स्टुलावरून उठल्या नव्हत्या. "दर वेळी तुम्ही काच बदलून आणायचात, माझ्या नाकावर ठेवायचात आणि श्वास धरून उभे राहायचात. मला दिसत नव्हतं, पण श्वास ऐकू यायचा. मी म्हणायचे मग, आता कसं लख्ख झालं. एकदा म्हटल्यावर पुढच्या वेळी कसं नाही म्हणणार?"

बुधवारी ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मृदू होत्या, आणि त्यांनी यंत्रावरचं चित्र वळवून दाखवलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध चट्टा, दोन्ही डोळ्यांत. कडा शाबूत आहेत, त्या राहतील. हिंडाफिरायला अडचण येणार नाही. पण ज्याच्याकडं सरळ बघाल ते दिसणार नाही. मधलं गेलं ते परत येत नाही.

"वेळेवर आला असतात तर इंजेक्शनांनी निदान एक डोळा कदाचित धरून ठेवता आला असता."

"वेळेवर म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"आठ-दहा महिन्यांपूर्वी. त्या सुमारास कुणी डोळे तपासले नव्हते का?"

मास्तर यंत्रावरच्या चट्ट्याकडं बघायला लागले.

"तपासले होते एका चष्मेवाल्यानं," मास्तरीणबाईच म्हणाल्या. "माणूस चांगला आहे. पण लवकर खूश होतो."

घरात शिरताना बाई म्हणाल्या, "फॉर्म भरायचा राहिलाय. शनिवार जवळ आला," जसं काही दुधाचं कूपन संपत आलंय. आणि मास्तरांना, इतकं झाल्यावरही, मास्तरच असल्यामुळं, वाटलं की यावर काही तरी काच असेल.

गुरुवारी त्यांनी काचांची पेटी उघडली. तपासणीच्या चौकटीत दोन साध्या काचा घातल्या, काळ्या कागदाच्या दोन टिकल्या कापून त्यांच्या मधोमध चिकटवल्या आणि चौकट स्वतःच्या नाकावर चढवली. मग पुस्तिकेतलं एकेक पान घेऊन सरळ बघायला लागले. कोपनहेगनमध्ये खडकावर बसलेली मत्स्यकन्या असते, ती गेली. खडकाच्या कडेचं पाणी राहिलं. लिस्बनची ट्राम गेली. दोन्हीकडचे फुटपाथ राहिले. टॅलिनचे बुरूज गेले, आभाळ राहिलं. जे जे बघायला माणसं जातात ते ते नेमकं मधोमध असतं, हे मास्तरांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. उरतं ते सगळं कुठल्याही गावात मिळतं.

मग गायरांगरचं पान आलं. फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेली खोल अरुंद खाडी, दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले कडे, कड्यांवरून धबधबे, आणि मधे पाणी. टिकलीनं मधलं पाणी खाल्लं. कडे राहिले. डावीकडं कडा, उजवीकडं कडा, दोन्ही सबंध!

मास्तर खुर्चीतून उठलेच. चौकट नाकावर तशीच, हातात पान, ते स्वयंपाकघराकडं धावले. "अगं, सापडलं! समोर बघायचंच नाही! बोटीच्या टोकाला उभं राहायचं, समोर काही नाहीच बघायला, नुसतं पाणी, आणि दोन्ही कडांनी डोंगर सरकत जातात! तुझ्यासाठीच केलंय गं ते! एक झालं. अशी आणखी पाच शोधतो मी, बघच तू..."

बाई ओट्याशी कांदा चिरत होत्या, बोटांनी चाचपत. आवाज आला तिकडं त्यांनी तोंड वळवलं. मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं, चौकटीतून, सरळ. आणि तिथं बायको नव्हती. दोन कान होते, कानांवर पांढरे झालेले केस होते, खाली खांदे होते. मधे काळं होतं.

त्या काळ्यातून बाईंचा आवाज आला.

"डोंगर दिसतील. बरं. आणि तुमचं तोंड?"

"काय?"

"आठ महिने झाले, तुमचं तोंड दिसलेलं नाही मला. केस कापून आलात की कडेनं कळतं. हसलात की आवाजावरून. ते कुठल्या बंदरात दिसत असेल तर तिथली खूण करा. बाकीच्या पाचांबद्दल माझं काही म्हणणं नाही."

मास्तरांनी चौकट काढली. बाईंचा चेहरा परत आला, सबंध, रडत नसलेला. छत्तीस वर्षं आणि वर आणखी किती, त्यांनी तो नंबर सोडून कधी बघितला नव्हता. आता बघत राहिले. आणि त्या बघण्याचा तिला काही उपयोग नव्हता, कारण तिच्या बाजूनं तिथं काळंच होतं.

शनिवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फॉर्म दुमडून वरच्या खिशात ठेवून मास्तर निघाले. प्रवास कंपनीच्या समोरच, रस्त्याच्या या बाजूला, एक बाक आहे. तिथं बसून खुणा कराव्यात आणि मग आत जावं, असा बेत होता. त्यांनी फॉर्म मांडीवर उलगडला, पेन उघडलं. चौदा चौकोन, प्रत्येकापुढं एक नाव. बर्गन पहिलंच होतं. हे बरं... की हे, असं मनात सुरू झालं, आणि सवयीनं उत्तराची वाट बघत पेन थांबलं.

उत्तर कोण देणार?

घड्याळवाला वाटेनं जाताना थांबला. त्याला सगळं कळलं होतं. मास्तरांनीच सांगितलं होतं. त्यानं बाकावर टेकून थोडा वेळ समोरच्या काचेतल्या जहाजाच्या चित्राकडं बघितलं. काही तरी टवाळ बोलायचं त्याच्या तोंडाशी आलं असावं, कारण त्यानं एकदा घसा खाकरला. पण मग नुसतं मास्तरांच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाला, "पावणेएक झालाय रे." आणि गेला.

मास्तर बसून राहिले. आतून कंपनीतल्या बाईंनी त्यांना ओळखलं, हात केला, मनगटावर टकटक करून वेळ दाखवली. मास्तरांनी मान हलवली, येतो म्हणून. एक वाजता त्या बाहेर आल्या, रस्त्यापलीकडं एकदा बघितलं, थांबल्या, आणखी थोडं थांबल्या, आणि त्यांनी शटर ओढलं. ते खडखडत खाली आलं. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

घरी बाई टेबलापाशी बसल्या होत्या. पुस्तिकेची सुटी पानं त्यांनी चाचपून एकावर एक रचून ठेवली होती, कडा नीट जुळवून.

"दिला?"

"दिला की. आपली कार्बन-प्रत घेऊन आलोय." मास्तरांनी खिशातून फॉर्म काढला, उलगडला आणि समोर धरला. कागदाचा आवाज झाला.

"वाचा बघू. कुठली कुठली घेतलीत?"

मास्तरांनी घसा साफ केला. "बर्गन," ते कोऱ्या चौकोनांवरून म्हणाले. "तुझी ती घरं. मग गायरांगर, कड्यांसाठी. मग स्टॉकहोम. मग..." ते थोडे अडले. "आम्स्टरडॅम. लिस्बन. आणि होनफ्लर. लहानसं बंदर आहे, उंच उंच घरं, सगळी पाण्यात पडलेली. म्हणजे त्यांच्या सावल्या पडलेल्या."

"सहा झाली."

"सहा."

बाईंनी हात पुढं केला. मास्तरांनी फॉर्म दिला, काय करणार. बाईंनी तो टेबलावर पालथा घातला आणि अंगठा पाठीवरून हळूहळू फिरवला, वरून खाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बॉलपेन दाबून खूण केली की कागदाच्या पाठीला ती उमटते. डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटाला लागते. आठ महिन्यांत बाईंनी असलं पुष्कळ काही शिकून घेतलं होतं. अंगठा कुठंही अडला नाही. पार खालपर्यंत कागद गुळगुळीत होता.

मास्तर श्वास धरून उभे होते. त्यांना ते कळलंही नाही. बाईंना ऐकू आलं.

त्यांनी फॉर्मची घडी घातली, होती तशीच, आणि पुस्तिकेच्या पानांवर ठेवून दिली. मग जिथून श्वास येत नव्हता तिकडं तोंड वळवून त्या म्हणाल्या, "वा! गरुडाची नजर आहे हो तुमची."